पंगत, बाक आणि एक हुकूम

विसाव्या शतकाच्या आरंभी खेड्यातल्या मुलाला कोल्हापुरात शिकायचे, तर तो कुणाकडे राहणार आणि कुणाच्या पंक्तीला बसणार हे आधी ठरवावे लागे. कोल्हापूर संस्थानाने १८९६ मध्ये सर्व जातींसाठी एक वसतिगृह काढून पाहिले. थोड्याच वर्षांत तिथे बहुतेक ब्राह्मण मुलेच उरली. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत बोर्डिंगे आली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दसरा चौकात त्यांतली काही नावे आजही पाट्यांवर दिसतात. मुले शिकू लागली खरी, पण आपापल्या जातीच्या चुलीभोवती. ही तडजोडच होती.

सगळी माणसे एकाच निर्मिकाची, म्हणजे निर्मात्याची लेकरे, असे मानणाऱ्या सत्यशोधक समाजाची शाखा कोल्हापुरात १९११ मध्ये स्थापन झाली. वर्गात हा विचार उतरवायचा म्हणजे मास्तरांनी नेमके काय करायचे? १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले; मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. दंडाने मूल शाळेच्या दारापर्यंत येते, पण त्याला बसवायचे कुठे हा प्रश्न उरतोच. १९१९ मध्ये संस्थानाचे राजे शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकत्र बसवण्याचा हुकूम काढला.

त्याच वर्षीचा शिक्षणसंस्थांसाठीचा हुकूम आणखी पुढे जातो. स्पृश्यांची मुले कशीही वाट काढतील, अस्पृश्यांना मात्र कुणी मुद्दाम झटल्याशिवाय ती मिळत नाही. म्हणून त्यांच्याशी इतरांपेक्षा अधिक ममतेने आणि आदबीने वागावे, असा त्याचा आशय आहे. समान वागणुकीवर न थांबता जास्तीची आदब मागणारा असा सरकारी कागद त्या काळात विरळाच.

आदब हुकमाने कितपत येते, हे कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी विद्यार्थी असतानाच पाहिले होते. जैन बोर्डिंगात राहणारा हा मुलगा मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आला. आंघोळ करूनच आत यावे, असे त्याला सांगण्यात आले. तो नाही म्हणाला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. पुढे १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. तिथे चूल एकच होती आणि स्वयंपाक मुलेच करत. धान्याला पैसे उरले नाहीत, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले.