शुद्धिपत्राचा हक्क



आज ज्या वस्तूचा इतिहास मी सांगणार आहे, ती प्रत्यक्ष पाहिलेले श्रोते या मंडपात थोडेच असतील. परंतु तिच्यावाचून ज्याचा एक दिवस पार पडतो, असा मनुष्य आज शहरात सापडणे कठीण आहे. ती वस्तू म्हणजे कंपायलर. संगणकाला केवळ आकड्यांची भाषा कळते, आणि माणसाला तीत लिहिणे जाचक होते. म्हणून माणसाने आपल्याला झेपेल अशा भाषेत लिहावे व तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करण्याचे काम एका प्रोग्रामनेच करावे, अशी योजना निघाली. त्या प्रोग्रामला कंपायलर म्हणतात. ग्रेस हॉपर या गणितज्ञ बाईंनी १९५२ च्या सुमारास या मार्गावर पहिली पावले टाकली, आणि १९५७ मध्ये जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला फोरट्रान भाषेचा कंपायलर आयबीएम कंपनीने गिऱ्हाइकांच्या हाती दिला.

हा इतिहास बुद्धिमान माणसांच्या शोधांचा आहे, आणि तो पुष्कळांनी लिहिला आहे. मी कामगार संघटनेत वावरलेला माणूस. माझे लक्ष त्याच्या कडेला चाललेल्या एका लहान कामाकडे गेले. कंपायलरबरोबर एक मॅन्युअल येते. त्यात एक मोठे प्रकरण ऑप्शनांचे असते. कंपायलरला हुकूम देताना त्याच्या नावापुढे एक आडवी रेघ व एखादे अक्षर किंवा शब्द लिहितात. ती रेघ आणि ते अक्षर म्हणजे ऑप्शन. यंत्रावर जसे खटके असतात, तसे हे कंपायलरचे खटके होत. या प्रकरणातल्या छापील चुका शोधणे, मांडणी सुधारणे, एका शब्दाचे लेखन सर्वत्र एकच ठेवणे, हे ते काम. त्याचा इतिहास सांगावा असे मला वाटले. कारण हत्यार कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्यात दडलेले आहे.

आधी या चुकांचे स्वरूप पाहू. वर्तमानपत्रात वेलांटी चुकली तर वाचक मनातल्या मनात ती सुधारतो आणि पुढे जातो. यंत्राला मन नाही. ग्नू प्रकल्पाच्या जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरात रोमन लिपीतला लहान ‘एल’ लिहिला तर तो तयार प्रोग्रामांचा संग्रह जोडून घेतो. मोठा ‘आय’ लिहिला तर पुढे दिलेल्या जागी फायली शोधू लागतो. छापील पानावर ही दोन अक्षरे आणि एकाचा आकडा अनेकदा एकसारखेच दिसतात. मोठा ‘ओ’ म्हणजे प्रोग्राम अधिक वेगवान करण्याचा हुकूम. लहान ‘ओ’ म्हणजे तयार फाइलीला नाव देण्याचा. मोठ्या ‘ओ’पुढे शून्य लिहिले तर अर्थ जवळजवळ उलटा होतो, आणि ‘ओ’ व शून्य तर जुळे भाऊ! रेघेचीही तीच गोष्ट. दोन शब्द जोडणारी रेघ आणि ऑप्शनापूर्वीची रेघ वाचकाच्या डोळ्याला एकच. पण पान जुळवणाऱ्या प्रोग्रामने सुबकपणाच्या नादात एकीऐवजी दुसरी वापरली, की मॅन्युअलमधून उतरवून घेतलेला हुकूम कंपायलर ओळखत नाही. युनिक्सच्या मॅन्युअलांसाठी वापरल्या गेलेल्या ट्रॉफ या जुळणीच्या प्रोग्रामात या दोन रेघांच्या खुणा प्रारंभापासून वेगळ्या आहेत; तरी २०२३ मध्ये त्याच्या ग्रॉफ या अवताराची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा याच रेघेवरून पुन्हा वाद माजला. तात्पर्य, या मॅन्युअलात मांडणी हीच मजकुराचा भाग आहे.

मुद्रणदोषाची किंमत मोठी असते, हे छापखान्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. १६३१ मध्ये लंडनच्या राजमुद्रकांनी छापलेल्या बायबलात व्यभिचाराच्या आज्ञेतला नकारच गळाला. त्यांना तीनशे पौंड दंड झाला. आपल्याकडे जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर काढला, आणि त्याच्या संस्कृत ग्रंथांचा लौकिक झाला तो शुद्ध पाठामुळे. परंतु हा लौकिक छापखान्याच्या नावावर जमा झाला. ज्यांनी दिव्याखाली बसून प्रुफे तपासली, त्यांची नावे आज किती जणांना सांगता येतील? चूक राहिली तर मुद्रितशोधक जबाबदार, आणि न राहिली तर तो नव्हताच, असा या धंद्याचा न्याय आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स रचली. तिच्या मॅन्युअलच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. प्रत्येक हुकमासाठी ठरावीक मथळ्यांचे टिपण, आणि त्यात ‘दोष’ या मथळ्याखाली त्या हुकमातील उणिवा कर्त्यांनी स्वतःच नोंदवलेल्या, ही त्या मॅन्युअलची विशेषता. आपल्या मालातले वैगुण्य मालाच्याच माहितीपत्रकात छापणारे कारखानदार आपण किती पाहिले आहेत? रिचींचा सी भाषेचा कंपायलर लवकरच या संग्रहात आला, आणि रेघ व एक अक्षर ही ऑप्शन लिहिण्याची रीत तेथून जगभर गेली.

दुसरी घटना १९७७ सालची. डोनाल्ड क्नूथ या प्राध्यापकांच्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघायची होती. खिळ्यांची जुळणी मागे पडून फोटो-जुळणी आली होती. तिची प्रुफे पाहून ते इतके निराश झाले, की पुस्तके जुळवण्यासाठी त्यांनी स्वतःच टेक नावाचा प्रोग्राम लिहावयास घेतला. याच क्नूथांनी आपल्या पुस्तकांतली चूक प्रथम दाखवणाऱ्यास दोन डॉलर छप्पन्न सेंटांचा चेक देण्याची प्रथा पाडली. रक्कम क्षुल्लक, पण पुष्कळांनी तो चेक न वटवता चौकटीत लावला. चूक शोधणे हे काम आहे आणि त्याला मोबदला आहे, हे लेखकाने मान्य केल्याचा तो पुरावा होता.

तथापि चूक दाखवणे आणि चूक सुधारणे यांत अंतर आहे. कंपनीच्या मॅन्युअलात चूक सापडली तर वाचकाने पत्र लिहावे आणि नव्या आवृत्तीची वाट पाहावी, एवढेच त्याच्या हाती होते. हे अंतर रिचर्ड स्टॉलमन यांनी मोडले. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि मार्च १९८७ मध्ये जीसीसी प्रसिद्ध केला. प्रोग्राम वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मोकळीक सर्वांना असावी, हे त्यांचे तत्त्व. त्यांचे पुढचे म्हणणे मला अधिक महत्त्वाचे वाटते: प्रोग्राम बदलला आणि मॅन्युअल बदलण्याची मुभा नसली, तर मॅन्युअल खोटे ठरते, म्हणून मॅन्युअलही मोकळे हवे. त्यासाठी टेक्सइन्फो ही पद्धत तयार झाली. एकाच मूळ मजकुरावरून टेकच्या साह्याने छापील पुस्तक निघते आणि पडद्यावर वाचायचे पुस्तकही निघते. ‘हा ऑप्शन आहे’, ‘ही फाइल आहे’, अशा खुणा मजकुरात कराव्या लागतात. खूण राहिली, तर दोन रेघा चिकटून एक लांब रेघ होते आणि वाचक फसतो.

जीसीसीच्या ऑप्शनांचे ते एक प्रकरण आज तीस हजारांहून अधिक ओळींचे झाले आहे. शेकडो हातांनी लिहिलेला मजकूर एकसूत्री राहावा म्हणून शब्दलेखनाचे नियम ठरले आहेत: ‘कमांड लाइन’ हे नाम असेल तर सुटे लिहावे, विशेषण असेल तर मध्ये रेघ द्यावी, इत्यादी. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांवरून आपल्याकडे झालेले वाद ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या नियमांमागची कटकट वेगळी सांगावयास नको.

या मंडळींचा एक नियम तर प्रत्येक संघटनेने भिंतीवर लावावा असा आहे. ज्यांना मूळ मजकुरात थेट बदल करण्याचा अधिकार दिला आहे, त्यांनी उघड दिसणारी चूक पूर्वसंमतीची वाट न पाहता दुरुस्त करावी आणि केलेला बदल सर्वांना कळवावा. चूक उघड आहे हे ओळखायचे कसे? आपल्या कामाचा जो सर्वांत कडवा विरोधक, त्यालाही या दुरुस्तीत दोष काढता येईल काय, असे स्वतःला विचारावे. दुरुस्तीच चुकीची निघाली, तर ती मागे घेता येते. यात विश्वास आहे, जबाबदारी आहे आणि परतीची वाटही आहे. बाहेरच्या माणसाने आपली दुरुस्ती मंडळींकडे पाठवावी. ती तपासून घेतली जाते. मोठे लेखन देणाऱ्यास पूर्वी हक्कांचे कागद करून द्यावे लागत. २०२१ पासून तो आग्रहही सुटला. लहान दुरुस्तीला तर ती अट पूर्वीही नव्हती.

येथे सर्व सुखाचे आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. २००० साली मॅन्युअलांसाठी निघालेल्या परवान्यात काही प्रकरणे ‘अपरिवर्तनीय’ ठरवण्याची सोय ठेवली गेली. जीसीसीच्या मॅन्युअलात असे एक प्रकरण आहे, आणि त्याचा विषय आहे मोकळ्या प्रोग्रामांसाठी पैसा कोठून यावा! मार्च २००६ मध्ये डेबियन या संस्थेच्या सभासदांनी मतदान करून ठरवले, की ज्यात न बदलता येणारे प्रकरण आहे ते पुस्तक पुरते मोकळे नव्हे. आणि हे मॅन्युअल त्यांच्या मुख्य संग्रहाबाहेर गेले. माझ्या मते सभासदांचा निर्णय योग्य होता. हेतू चांगला असला, तरी ‘या पानाला हात लावू नये’ असे सांगणारा मालक शेवटी मालकच. परंतु त्या बंद पानावरचा प्रश्न खरा आहे. जीसीसीवर अवाढव्य कंपन्या उभ्या आहेत. काहींनी पगार देऊन माणसे या कामास लावली आहेत. तरीही रात्री जागून स्वल्पविराम नीट करणारा बिनपगारी माणूस या इमारतीच्या पायात आहेच. मॅन्युअलाच्या शेवटी हातभार लावणाऱ्यांची लांबलचक नामावळी छापतात. पूर्वीच्या प्रूफवाचकाला तेवढेही मिळाले नाही, हे मी मान्य करतो. पण नाव छापल्याने चूल पेटत नाही, हेही मंडपातल्या सर्वांना ठाऊक आहे.

आपल्या देशात १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने कारखान्याचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत दाराजवळ लावण्याचे बंधन मालकावर घातले. आधी नियम वाचण्याचा हक्क मिळाला. त्यात बदल मागण्याचा हक्क कामगारास पुढे मिळवावा लागला. तो कायदा आता जाऊन नवी संहिता आली आहे, पण क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कंपायलरच्या मॅन्युअलानेही हाच प्रवास केला: प्रथम दोष कबूल झाले, मग दोष दाखवणाऱ्याला चेक मिळाला, आणि शेवटी दोष सुधारण्याची लेखणी वाचकाच्या हाती आली. ज्या पुस्तकाप्रमाणे आपल्याला काम करावे लागते, त्यातली चूक आपल्याला सुधारता येते काय, हा प्रश्न गिरणीत, कचेरीत, शाळेत कोठेही विचारून पाहावा. उत्तर नकारार्थी आले, तर तेथे काम करणाऱ्या संघटनेला पुढच्या मागणीचा मसुदा मिळालाच म्हणून समजावे.