विद्युत ब्लूज गिटारची ध्वनिमुद्रणे : इतिहासाचे साधन म्हणून एक चिकित्सा

प्रस्तावना :
इतिहासाची साधने म्हटली की कागदपत्रे, शिलालेख, नाणी आणि प्रवासवृत्ते यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. विसाव्या शतकाच्या अभ्यासकाला ध्वनिमुद्रण हे आणखी एक साधन उपलब्ध झाले. ज्या समाजाला स्वतःचा इतिहास लिहिण्याची संधी दीर्घकाळ नाकारली गेली, त्याच्या बाबतीत हे साधन विशेष महत्त्वाचे ठरते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या विद्युत ब्लूज गिटारवादनाची दोन प्रकारची मुद्रणे विचारात घेतली आहेत : निवडक गीतांची संकलने आणि प्रत्यक्ष मैफलीची मुद्रणे. ती ऐकताना अभ्यासकाच्या हाती काय लागते आणि काय निसटते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

स्थलांतर आणि विद्युत गिटार :
साधारणतः १९१६ ते १९७० या काळात दक्षिणेकडील राज्यांतून सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक इतर प्रदेशांतील शहरांत गेले. मॅकिन्ले मॉर्गनफिल्ड ऊर्फ मडी वॉटर्स हे त्यांपैकीच एक. मिसिसिपीतील स्टोव्हॉल मळ्यावर राबणाऱ्या या गायकाचे मुद्रण १९४१ व १९४२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि फिस्क विद्यापीठ यांच्या पाहणीत झाले होते. १९४३ मध्ये ते शिकागोला गेले. तेथील गजबजलेल्या मद्यगृहांत साध्या गिटारचा आवाज श्रोत्यांपर्यंत पोहोचत नसे. या गरजेतून त्यांनी विद्युत गिटार हाती घेतली. ध्वनिवर्धकावर ताण पडून येणारा खरखरीत नाद हा आरंभी यंत्राचा दोष होता. पुढे तोच या शैलीचा अलंकार ठरला. वाद्यातील हा बदल मळ्याकडून कारखान्याच्या शहराकडे झालेल्या प्रवासाचा श्राव्य पुरावा आहे, असे म्हणता येईल.

संकलन : निवडीचा इतिहास
मडी वॉटर्स यांची आरंभीची गीते ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर, प्रत्येक बाजूस सुमारे तीन मिनिटे या मर्यादेत प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १९४८ ते १९५४ या काळातील १२ गीते एकत्र करून चेस कंपनीने १९५८ मध्ये ‘द बेस्ट ऑफ मडी वॉटर्स’ हे संकलन काढले. त्याचा आरंभ १९५४ च्या गीताने होतो आणि १९४८ चे ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’ सर्वांत शेवटी येते. पहिल्या गीतात पूर्ण वाद्यवृंद आहे, तर शेवटच्या गीतात केवळ विद्युत गिटार व डबल बास यांची साथ आहे. एका गिटारपासून वाद्यवृंदापर्यंत झालेली वाढ, क्रमाने ऐकणाऱ्याला उलटी भासते. संकलनाचा क्रम हा बाजाराचा क्रम असतो, काळाचा नव्हे. म्हणून प्रत्येक गीताचे वर्ष लावून घेणे हे ऐकणाऱ्या अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते.

जे मुद्रित झालेच नाही, तेही संकलनात येऊ शकत नाही. कवी लँगस्टन ह्यूज यांनी जानेवारी १९४३ मध्ये ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात मेम्फिस मिनी यांच्या विद्युत गिटारवादनाचे वर्णन केले आहे. मडी वॉटर्स शिकागोत पोहोचण्यापूर्वीच एक स्त्री तेथे हे वाद्य समर्थपणे वाजवीत होती. त्या रात्रीचा नाद मात्र वृत्तपत्राच्या शब्दांतच उरला. केवळ संकलनांवर विसंबल्यास शहरी ब्लूजची परंपरा पुरुषांनीच घडविली, असा चुकीचा समज होण्याचा संभव आहे.

प्रत्यक्ष मैफल : श्रोत्यांचा आवाज
बी. बी. किंग यांच्या ‘लाइव्ह ॲट द रीगल’ या ध्वनिमुद्रिकेत श्रोतृवर्ग हाच जणू दुसरा वादक आहे. शिकागोच्या दक्षिण भागातील रीगल नाट्यगृहात २१ नोव्हेंबर १९६४ रोजी हे मुद्रण झाले. आता काही जुनी गीते वाजवू, ओळखीचे आढळल्यास आवाज करून कळवा, अशा आशयाचे आवाहन किंग करतात आणि श्रोते त्याला भरभरून प्रतिसाद देतात. हा प्रतिसाद म्हणजे समान स्मृती असलेल्या समूहाची साक्ष होय. ते नाट्यगृह १९७३ मध्ये पाडण्यात आले. त्या वास्तूतील माणसांचा आवाज या तबकडीत शिल्लक आहे.

‘ॲट न्यूपोर्ट १९६०’ या मुद्रिकेतील श्रोते वेगळे आहेत. ३ जुलै १९६० रोजी मडी वॉटर्स तेथे मुख्यत्वे श्वेतवर्णीय तरुणांसमोर गायले. आदल्या दिवशी महोत्सवाबाहेर दंगल झाल्याने उर्वरित कार्यक्रम रद्द होण्याची वेळ आली होती. टाळ्यांच्या गजरात या तणावाचा मागमूस लागत नाही. तो लागतो अखेरच्या गीतात. न्यूपोर्टचा निरोप घेणारे हे गीत ह्यूज यांनी लिहिले आणि ओटिस स्पॅन यांनी गायले. प्रत्यक्ष मैफलीचे मुद्रण हेही निर्मात्याने निवडलेले साधन असल्याने, बाह्य पुराव्याशी त्याची सांगड घालणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
संकलनातून शैलीचा विकास कळतो, परंतु निवड करणाऱ्याची दृष्टी त्यात मिसळलेली असते. मैफलीच्या मुद्रणातून गायक व समाज यांचे नाते कळते, परंतु त्या एका दिवसाच्या पलीकडचे कळत नाही. म्हणून ही दोन्ही साधने परस्परपूरक मानून, लिखित पुराव्याच्या कसोटीवर तपासून घ्यावयास हवीत.

मराठी अभ्यासकाला या विषयाचे एक निकटचे कारणही आहे. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने ब्लॅक पँथर चळवळीपासून प्रेरणा घेतली आणि कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चाही मराठीत झाली. तथापि शब्दाला मिळालेले हे लक्ष नादाला त्या प्रमाणात मिळाले नाही. आपल्याकडील आंबेडकरी जलसे आणि शाहिरी हीही मुख्यतः सादरीकरणातून जगलेली परंपरा आहे. तिचे शब्द छापील पुस्तिकांत मिळतात. पण गाणाऱ्याचा चढा सूर आणि समोरच्या जमावाची दाद छापता येत नाही. घरोघरी पडून असलेल्या ध्वनिफिती खराब होण्यापूर्वी त्यांची नोंद, तारीख आणि स्थळासह जतन करणे हे आपल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज शक्य आहे. शिकागोच्या त्या नाट्यगृहाची वास्तू गेली, पण तबकडी राहिली. आपल्या वस्त्यांतील मैफलींचे काय राहील, हे आपल्यालाच ठरवावे लागेल.