आयर्लंडचा लंपर बटाटा

इ. स. १८४५ च्या सप्टेंबरांत आयर्लंडमधील बटाट्यांच्या शेतांवर करपा पडला आणि पीक जमिनींतच सडूं लागलें. तेथील गरिबांचें पोट या एका पिकावर. आणि तेंही बहुतांशीं ‘लंपर’ नांवाच्या एकाच वाणाचें. बटाटा लावावयाचा तो डोळे असलेल्या फोडी करून. तेथें परागाचें काम नाहीं. तेव्हां लक्षावधि रोपें म्हणजे वस्तुतः एकाच रोपाचा विस्तार! जो रोग एकाला मारी, तो सर्वांना मारी. थोड्याच वर्षांत सुमारें १० लक्ष माणसें उपासमारीनें व तापानें मेलीं. तितक्यांनींच देश सोडला. त्याच काळांत आयर्लंडांतून धान्य बाहेर जात होतें, हा दोष मात्र बटाट्याच्या माथीं मारतां येत नाहीं.

बटाट्यालाही फुलें येतात, लहान हिरवीं फळें धरतात. त्यांच्या बियांत मातापित्यांचे गुण पत्त्यांप्रमाणें पिसले जातात व प्रत्येक रोप निराळें निपजतें. विसाव्या शतकांत मेक्सिकोच्या रानटी जातीशीं संकर करून करप्याला दाद न देणारे वाण काढण्यांत आले. परंतु रोगजंतूही स्वस्थ बसला नाहीं. मेक्सिकोबाहेर दीर्घकाळ त्याचा एकच लिंगप्रकार वावरत होता; १९८० नंतर दुसराही युरोपांत आढळला, आणि आतां तोही संकरानें नवीं रूपें घेतो.