गिरगाव : रस्ता आणि वाडी

नगराचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी प्रथम रस्त्यांकडे आणि ठळक वास्तूंकडे वळते. रस्ता कधी झाला, त्याला कोणाचे नाव दिले गेले, कोणती वास्तू केव्हा उभी राहिली आणि केव्हा पाडली गेली, याच्या नोंदी सरकारदरबारी सापडतात. या नोंदींवरून वस्तीचे एक चित्र उभे राहते आणि ते बहुधा खरेही असते. परंतु काही वस्त्या अशा असतात की त्यांचे जीवन रस्त्यावर नसते; ते रस्त्यापासून आत, एखाद्या अरुंद वाटेच्या टोकाशी असते. दक्षिण मुंबईतील गिरगाव ही अशा वस्त्यांपैकी एक होय. गिरगावचे रस्ते गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलले. पण गिरगाव बदलले ते वाडी बदलू लागली तेव्हा. हे समजून घेण्यासाठी प्रथम ‘वाडी’ या शब्दाकडेच वळावे लागते.

मलबार टेकडीच्या पायथ्यापासून पूर्वेकडे आणि बॅक बेच्या किनाऱ्यालगत ही वस्ती पसरली आहे. गिरीच्या पायथ्याचे गाव म्हणून गिरगाव, अशी या नावाची सर्वपरिचित व्युत्पत्ती आहे. मुंबई हे बेटांचे शहर असताना येथे नारळीच्या बागा आणि शेते होती. कोकणी किनाऱ्यावर अशा बागेला वाडी म्हणतात. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी ही नावे त्या बागाइती भूमीची आठवण देतात. मुगभाट आणि बोरभाट या नावांतील ‘भाट’ हा शब्दही लागवडीच्या जमिनीचाच वाचक आहे. आज या नावांच्या ठिकाणी फणस नाही आणि केळही नाही. तरी बागेची वई जेथे होती, तेथेच पुष्कळदा वाडीची हद्द राहिली. जमिनीचा वापर पालटला, तिचे तुकडे मात्र तसेच राहिले. गिरगावच्या पुढील सर्व इतिहासाचा साचा या तुकड्यांनी ठरविला.

१८०३ मध्ये कोटाच्या आतील वस्तीला मोठी आग लागली. त्यानंतर कोटाबाहेर वस्ती वाढविण्यास चालना मिळाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरगाव-ठाकुरद्वार परिसरात पाठारे प्रभू, दैवज्ञ, शेणवी इत्यादी ज्ञातींची घरे उभी राहू लागली. मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचे एक आद्य शिल्पकार जगन्नाथ शंकरशेट यांचा वाडाही याच भागात होता. खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी लाकडी जिने आणि सज्जे असलेली टुमदार घरे बांधली. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा बागाइती मुंबई आणि बाजारपेठेची मुंबई या दोन्ही एकमेकींशेजारी नांदत होत्या. पुढे काही वर्षांतच आगगाडीचा मार्ग किनाऱ्याने चर्चगेटकडे गेला आणि गिरगावच्या वाड्या व समुद्र यांच्यामध्ये लोहमार्गाची रेघ पडली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकण आणि देशावरून कारकुनी, शिक्षकी, छापखान्याची कामे यांसाठी माणसे मुंबईत आली. त्यांना भाड्याने जागा हवी होती आणि वाडीच्या मालकांना उत्पन्न. बागेच्या कडेकडेने दुमजली-तिमजली चाळी उभ्या राहिल्या आणि मधली जागा अंगण म्हणून मोकळी राहिली. रस्त्यावरून पाहणाराला केवळ एक बोळ दिसे. बोळातून आत गेल्यावर अंगण, विहीर, एखादे देऊळ आणि चारी बाजूंच्या गॅलऱ्या यांचे एक स्वतंत्र जग लागे. त्या जगाला एकच प्रवेशद्वार असल्यामुळे येणारा-जाणारा सर्वांच्या नजरेखालून जाई. अंगण कोणा एका बिऱ्हाडाचे नव्हते, म्हणून ते सर्वांचे होते. १८९३ मध्ये केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. त्यामागे लोकमान्य टिळकांची प्रेरणा होती, हे प्रसिद्धच आहे. परंतु घरातला गणपती सार्वजनिक होण्यासाठी घर आणि रस्ता यांच्यामधली एक जागा लागते, आणि ती चाळीच्या अंगणाने आयती पुरविली होती, हेही लक्षात घ्यावयास हवे.

या रचनेवर पहिला मोठा आघात झाला तो प्लेगच्या साथीनंतर. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना केली. दाट वस्तीत समुद्राचा वारा खेळावा म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारे रुंद रस्ते पाडण्याचे धोरण ट्रस्टने स्वीकारले. चौपाटीकडून डोंगरीच्या दिशेने जाणारा सँडहर्स्ट रोड हा त्या धोरणाचे फळ. जुन्या वाटा वाडीच्या हद्दी सांभाळत वळणे घेत जात. हा रस्ता त्या हद्दी छेदीत सरळ गेला. आरोग्याच्या हेतूने काढलेल्या या रस्त्याने गिरगावला अनपेक्षित असे एक नवे जीवन दिले. रुंद रस्त्याच्या कडेला करमणुकीची गृहे उभी राहू शकली. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांसमोर आला तो याच रस्त्यावरील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये झळकला. भारतीय चित्रपटाचे हे दोन्ही आरंभ एकाच वस्तीत घडावेत, हा केवळ योगायोग नव्हे. वाचणारा, नाटके पाहणारा आणि पायी येऊ शकणारा मध्यमवर्गीय प्रेक्षक लगतच्या वाड्यांतून राहत होता.

वास्तू आणि तिचे नाव यांचे आयुष्य सारखे नसते, याचे प्रत्यंतर गिरगावात पावलोपावली येते. मॅजेस्टिक चित्रपटगृह आज नाही. परंतु त्याच्या सान्निध्यात केशवराव कोठावळे यांनी चालविलेल्या पुस्तकांच्या दुकानाने त्याचे नाव घेतले आणि पुढे ते एका नामवंत मराठी प्रकाशनसंस्थेचे नाव झाले. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे मंदिर गिरगावात आहे. त्याच्या भोवतालचा नाकाच ‘प्रार्थना समाज’ या नावाने ओळखला जातो, आणि तेथे बसमधून उतरणाऱ्या शेकडो माणसांना त्या शब्दांमागील धर्मसुधारणेच्या चळवळीची कल्पनाही नसते. रॉयल ऑपेरा हाउसचे उद्घाटन १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते झाले. १९९३ मध्ये ते बंद पडले आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडले. मधली तेवीस वर्षे पडदा वर गेला नाही. पण ‘ऑपेरा हाउस’ हा पत्ता एक दिवसही बंद राहिला नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात रस्त्यांची नावे बदलली. गिरगाव रोडला जगन्नाथ शंकरशेटांचे नाव मिळाले, सँडहर्स्ट रोड सरदार वल्लभभाई पटेल मार्ग झाला, बॅक रोडला विठ्ठलभाई पटेलांचे आणि क्वीन्स रोडला महर्षी कर्व्यांचे नाव दिले गेले. परकीय सत्तेच्या खुणा पुसण्याचा हा प्रयत्न योग्यच होता. मात्र रहिवाशांचा व्यवहार रस्त्याच्या नावावर फारसा अवलंबून नव्हता. कांदेवाडीतल्या रस्त्याला ‘नवाकाळ’चे संस्थापक नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे नाव देण्यात आले, तरी गिरगावकराच्या तोंडी कांदेवाडीच राहिली. खाडिलकरांविषयी आदर नव्हता म्हणून असे झाले नाही. रस्ता हे जाण्याचे साधन होते आणि वाडी हे राहण्याचे ठिकाण. माणूस आपला पत्ता सांगताना ठिकाण सांगतो. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईतील ट्राम कायमची थांबली, तेव्हाही रस्त्याचे रूप पालटले. वाडीच्या बोळात मात्र काही बदलले नाही.

मराठी साहित्यव्यवहाराच्या दृष्टीने या रचनेचे महत्त्व मोठे आहे. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचे ठाकुरद्वारशी जडलेले नाते, १९२३ मध्ये सुरू झालेला ‘नवाकाळ’, १९३५ मध्ये स्थापन झालेला मुंबई मराठी साहित्य संघ आणि १९६४ मध्ये केळेवाडीत उभे राहिलेले त्याचे नाट्यगृह ही सर्व एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर होती. संध्याकाळी कचेरीतून परतलेला कारकून चहा घेऊन व्याख्यानाला जाई आणि जेवणाच्या वेळेला घरी पोहोचे. व्याख्यानमाला, नाट्यमहोत्सव, फिरते ग्रंथालय यांना लागणारा श्रोता आणि वाचक वाडीने जवळ आणून ठेवला होता. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकाला मिळालेल्या लोकप्रियतेमागेही या सामायिक अनुभवाचा वाटा आहे; त्यातील माणसे वाचकांना आपल्या गॅलरीतली वाटली.

या जीवनाचे गोडवे गाताना त्यातील क्लेश विसरणे हा इतिहासाशी अपलाप होईल. दोन खोल्यांत सात-आठ माणसे राहत. सामाईक नळावर आणि शौचकूपापाशी पहाटेपासून रांग लागे. आजारी माणसाला एकांत नव्हता आणि सुनेला तर मुळीच नव्हता. सर्वांची नजर हा आधार होता, तसाच तो जाचही होता. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले. परंतु भाडी गोठल्यामुळे दुरुस्ती करण्यात मालकाला स्वारस्य उरले नाही. लाकडी तुळया कुजल्या, टेकू लागले. १९६९ च्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्ती करणारे मंडळ आले, तरी इमारतींचे वय थांबले नाही. इकडे वाढत्या कुटुंबांतील मुले डोंबिवली, बोरिवली, मुलुंड येथे स्वतःच्या संडासाचे घर घेऊन गेली. त्यांना कोणी हाकलले नव्हते. पण राहण्याजोगी जागाही कोणी दिली नव्हती.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने उपकरप्राप्त जुन्या इमारतींच्या पुनर्विकासासाठी वाढीव बांधकामाची सवलत दिली. जुन्या रहिवाशाला विनामूल्य घर आणि विकासकाला विक्रीसाठी अधिक मजले, असा हा व्यवहार आहे. त्यातून चाळीच्या जागी उंच इमारत येते. रहिवाशाला स्वतंत्र नळ, संडास आणि बंद दार मिळते, आणि ते त्याला हवेच असते. परंतु अंगणाच्या जागी वाहनतळ येतो व बोळाच्या तोंडाशी पहारेकरी बसतो. शतकापूर्वी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने वाड्यांच्या मधून रस्ता नेला, तरी उरलेल्या वाड्या वाड्याच राहिल्या. या नव्या रचनेत वाडीची हद्द तीच राहते आणि आतली वाडी नाहीशी होते. भुयारी मेट्रोसाठी जगन्नाथ शंकरशेट मार्गावरील काही जुन्या इमारती पाडल्या गेल्या आणि तेथील रहिवाशांच्या त्याच परिसरात पुनर्वसनाची योजना आखली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगाव स्थानक सुरू झाले. रस्त्याच्या इतिहासात ही मोठी घटना ठरेल. पण गिरगावातून गेलेल्या माणसाला गिरगावात लवकर पोहोचविणे एवढेच ती करू शकते.

गुढीपाडव्याला शोभायात्रेच्या निमित्ताने उपनगरांत पांगलेले गिरगावकर परत येतात, तेव्हा एक गोष्ट ध्यानात येते. ते रस्त्यावर जमतात, कारण जमण्याची दुसरी जागा आता थोडी उरली आहे. या पार्श्वभूमीवर अभ्यासकापुढील कार्य स्पष्ट आहे. रस्त्यांच्या नोंदी पालिकेकडे आहेत आणि त्या राहतील. वाडीच्या नोंदी मात्र गणेशोत्सव मंडळांच्या हिशेबवह्यांत, जुन्या कार्यक्रमपत्रिकांत, हस्तलिखित अंकांत आणि भाडेपावत्यांत विखुरलेल्या आहेत. त्यांना कोणी एक मालक नाही, आणि घर रिकामे करताना सर्वांत आधी टाकून दिले जातात ते असलेच कागद. फणसवाडीतला फणस कोणी जपला नाही, तरी त्याचे नाव उरले. चाळीच्या बाबतीत नाव उरेल, पण त्या अंगणात कोण जमत असे आणि कशासाठी, हे सांगणारा कागद आज गोळा झाला नाही तर उद्या सापडणार नाही.