एकच गाडी, दोन शोरूम आणि २९,५०० रुपयांचा फरक : छोटी हॅचबॅक घेताना कोटेशन कसं वाचायचं?

'साहेब, ४० हजारांचा डिस्काउंट आहे, पण फक्त आजच्या बुकिंगला.'

घरातली पहिली गाडी घ्यायला गेलेल्या कुणालाही हे वाक्य ओळखीचं वाटेल. सोबत आई-बाबा असतात, चहा आलेला असतो, टेस्ट ड्राइव्ह झालेली असते. मग सेल्समन एक कागद पुढे करतो. त्यावर दहा-बारा ओळी, प्रत्येक ओळीसमोर एक आकडा आणि तळाला ऑन-रोड किंमत. आपली नजर जाते ती फक्त डिस्काउंटच्या ओळीवर. शोरूमची कमाई मात्र बाकीच्या ओळींत असते.

छोट्या गाड्या पुन्हा चर्चेत आल्यात, त्याला कारणही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल, सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी तो २८ टक्के होता आणि वर सेसही लागायचा. त्यामुळे एक्स-शोरूम किमती खाली आल्या. पण हातात पडणारी गाडी खरंच किती स्वस्त पडते, ते त्या कागदावरच्या उरलेल्या ओळी ठरवतात. त्या एकेक करून समजून घेऊ.

आधी गाडी ठरवा, ऑफर नंतर

ऑफर मोठी आहे म्हणून गाडी निवडणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पाच-सात वर्षं गाडी तुमच्याकडे राहणार आहे, ऑफर त्या महिन्यापुरतीच असते.

बाजारातल्या हॅचबॅकचे ढोबळ तीन गट पडतात. सगळ्यात लहान म्हणजे अल्टो के१०, एस-प्रेसो, क्विड. मधल्या गटात वॅगन आर, सेलेरिओ, टियागो, ग्रँड आय१० निऑस आणि स्विफ्ट. त्याच्या वरच्या, म्हणजे प्रीमियम गटात बलेनो, ग्लान्झा, आय२० आणि अल्ट्रोझ. ग्लान्झा आणि बलेनो मुळात एकच गाडी आहे, बिल्ला वेगळा. त्यामुळे या दोघींपैकी एक घ्यायची असेल तर दोन्ही शोरूमचं कोटेशन घ्या, घासाघीस सोपी होते.

तुलना करताना जाहिरातीतल्या टचस्क्रीनच्या आकारापेक्षा हे प्रश्न विचारा :

• घरात ज्येष्ठ आहेत का? वॅगन आर उंच आहे, चढा-उतरायला फार वाकावं लागत नाही. स्विफ्टमध्ये बसणं खाली आहे. गुडघेदुखी असलेल्या आजीला शोरूममध्येच दोनदा चढून-उतरून बघायला सांगा.

• सामान किती? अल्टो के१० ची डिकी २१४ लिटरची, स्विफ्टची २६५, बलेनोची ३१८ आणि वॅगन आरची ३४१. गणपतीला गावी जाताना हा फरक लगेच कळतो.

• सुरक्षिततेचं काय? भारत एनकॅप ही आपली क्रॅश टेस्ट योजना ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. त्यात अल्ट्रोझला ५ आणि बलेनोला ४ स्टार आहेत. त्याआधीच्या ग्लोबल एनकॅप चाचण्यांत टियागोला ४ (२०२०), अल्टो के१० ला २ आणि वॅगन आरला १ स्टार (२०२३) मिळाला होता. त्यानंतर अल्टो आणि वॅगन आरमध्ये सहा एअरबॅग आल्या. पण एअरबॅगची संख्या आणि गाडीच्या सांगाड्याची मजबुती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून 'सहा एअरबॅग आहेत' एवढ्यावर थांबू नका. स्टार किती, कोणत्या वर्षीचे आणि कोणत्या चाचणीतले, हे विचारा.

• सर्व्हिस सेंटर किती लांब? पुण्या-मुंबईत हा प्रश्न फारसा येत नाही. तालुक्याच्या गावी मात्र ६० किलोमीटरवरचं वर्कशॉप म्हणजे दर सर्व्हिसिंगला एक दिवस गेला.

पेट्रोल की सीएनजी?

एकाच व्हेरियंटचं सीएनजी मॉडेल साधारण ९० ते ९५ हजारांनी महाग असतं. ते पैसे कधी वसूल होतात? एक साधा हिशेब करू. समजा, पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि गाडी शहरात १८ चा मायलेज देते. म्हणजे किलोमीटरला सुमारे ५ रुपये ७८ पैसे. सीएनजी ८५ रुपये किलो आणि मायलेज २५ धरला, तर किलोमीटरला ३ रुपये ४० पैसे. वाचले २ रुपये ३८ पैसे. या हिशेबाने ९५ हजार वसूल व्हायला जवळपास ४० हजार किलोमीटर लागतात.

महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे पैसे साधारण सव्वातीन वर्षांत सुटतात. पाचशेच किलोमीटर होत असतील तर साडेसहा वर्षं. महाराष्ट्रात सीएनजी गाडीवरचा रस्ता कर पेट्रोलपेक्षा कमी आहे, तेवढा दिलासा मिळवा. मात्र डिकीत टाकी येते आणि टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. टियागो, अल्ट्रोझ, निऑस यांच्या दोन लहान टाक्यांच्या रचनेत थोडी डिकी उरते. तुमच्या गावातला दर आणि तुमचे किलोमीटर टाकून हा हिशेब घरीच करून बघा. पंपावरची रांगही धरा.

कोटेशनमधल्या ओळी : काय ठरलेलं, काय सुटणारं?

एक्स-शोरूम किंमत : कंपनीने ठरवलेली, जीएसटीसह. एका शहरात सगळ्या डीलरकडे सारखीच असते. वेगळी दिसली तर व्हेरियंट किंवा रंग वेगळा आहे का ते बघा.

आरटीओ : महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी रस्ता कर आहे. कंपनीच्या नावावर घेतली तर तो २० टक्के होतो. त्याशिवाय नोंदणीचे ६०० रुपये, स्मार्ट कार्डचे २०० आणि कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५०० अशी फी असते. कोटेशनमध्ये 'आरटीओ' म्हणून एकच गोल आकडा असेल तर फोड मागा. गाडी नावावर झाल्यावर कराची पावतीही मागा. भरले किती आणि घेतले किती, ते तिथे कळतं.

हँडलिंग किंवा लॉजिस्टिक चार्जेस : हा सरकारी कर नाही. गाडी शोरूमपर्यंत आणणं हे डीलरचंच काम आहे आणि त्याचा मोबदला त्याच्या मार्जिनमध्ये येतो. ही ओळ काढायला सांगा. बहुतेकदा ती निघते.

अ‍ॅक्सेसरीज किट : मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, बॉडी कव्हर. यातलं काहीही बंधनकारक नाही. हवं तेवढंच निवडा.

फास्टॅग आणि नंबर प्लेट : नव्या चारचाकीला फास्टॅग डिसेंबर २०१७ पासून बंधनकारक आहे. एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट गाडीसोबतच मिळते, तिचे वेगळे पैसे लावलेले दिसले तर विचारा.

वाढीव वॉरंटी : उपयोगी आहे, पण बुकिंगच्या दिवशीच घ्यायला हवी असं नाही. मूळ वॉरंटी संपायच्या आत ती नंतरही घेता येते, फक्त उशीर केला तर दर वाढू शकतो.

हिशेब मांडून बघू

समजा, १२०० सीसीच्या आतली एक पेट्रोल हॅचबॅक आहे, एक्स-शोरूम ६,५०,००० रुपये. दोन डीलरची कोटेशन अशी आली :

डीलर 'अ' : आरटीओ ७९,५००, विमा ४२,०००, अ‍ॅक्सेसरीज १८,०००, हँडलिंग ७,५००, वाढीव वॉरंटी १४,०००, फास्टॅग ५००. डिस्काउंट ४०,०००. एकूण ७,७१,५००.

डीलर 'ब' : आरटीओ ७५,५००, विमा ३६,०००, अ‍ॅक्सेसरीज ५,०००, फास्टॅग ५००. डिस्काउंट २५,०००. एकूण ७,४२,०००.

डिस्काउंट 'अ' चा मोठा, गाडी स्वस्त 'ब' ची. फरक २९,५०० रुपयांचा. वाढीव वॉरंटी तुम्हाला हवीच आहे असं धरून 'ब' मध्ये १४,००० मिळवले, तरी 'अ' १५,५०० रुपयांनी महागच पडतो.

म्हणून नियम एकच : डिस्काउंटची तुलना करायची नाही, तळाच्या आकड्याची करायची. तीही दोन्हीकडे त्याच वस्तू धरून. किमान तीन डीलरची कोटेशन छापील किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या. तोंडी आकड्याला काही अर्थ नसतो.

विम्यात सगळ्यात जास्त जागा

नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून हा नियम आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र एका वर्षाचा घेतला तरी चालतो. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, त्यात कमी-जास्त होत नाही. उरलेल्या भागात मात्र कंपनीगणिक हजारोंचा फरक पडतो.

विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती करता येत नाही. 'बाहेरून घेतला तर ऑफर मिळणार नाही' किंवा 'कॅशलेस होणार नाही' असं सांगितलं जातं. कॅशलेस हे विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे का यावर अवलंबून असतं. कंपनीच्या वेबसाइटवर गॅरेजची यादी मिळते. बाहेरचं ऑनलाइन कोटेशन काढा, आयडीव्ही आणि झिरो डेप्रिसिएशनसारखी कव्हर सारखीच ठेवा आणि तो कागद डीलरला दाखवा. अनेकदा तिथेच विमा पाच-सात हजारांनी उतरतो.

जुनी गाडी विकत असाल तर आणखी एक गोष्ट : नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. क्लेम न केल्याची ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत जाते आणि नव्या गाडीच्या विम्यावर घेता येते. जुन्या विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या.

एक्स्चेंज, कॉर्पोरेट, स्क्रॅपेज : 'पर्यंत' या शब्दाकडे लक्ष द्या

'६० हजारांपर्यंत फायदे' या जाहिरातीत रोख सवलत, एक्स्चेंज बोनस, स्क्रॅपेज बोनस आणि कॉर्पोरेट सवलत एकत्र मोजलेली असते. प्रत्यक्षात एक्स्चेंज आणि स्क्रॅपेज यांपैकी बहुधा एकच मिळतं. कॉर्पोरेट सवलतीला नोकरीचं ओळखपत्र लागतं. ज्याच्याकडे जुनी गाडी नाही त्याच्या वाट्याला यातला एक तुकडाच येतो. विचारायचं असं : 'मला, या व्हेरियंटवर, रोख किती?'

एक्स्चेंज बोनस २० हजार देऊन जुन्या गाडीची किंमत ४० हजारांनी कमी लावली जाऊ शकते. आधी बाहेर दोन ठिकाणी जुन्या गाडीचा भाव काढा. नव्या गाडीचा सौदा पक्का होईपर्यंत जुन्या गाडीचा विषय काढू नका.

कधी घ्यायची?

दसरा, धनत्रयोदशी, पाडव्याला गिऱ्हाईक स्वतःहून येतं. मागणी असलेल्या मॉडेलवर तेव्हा फारसं काही सुटत नाही. पितृपंधरवड्यात शोरूम ओस असतात, तेव्हा बोलणी करून डिलिव्हरी घटस्थापनेनंतर घेणारेही बरेच आहेत. महिनाअखेर आणि मार्चअखेर टार्गेटचा दबाव असतो.

डिसेंबरमधल्या मोठ्या सवलतींचं कारण वेगळं आहे. १ जानेवारीला ती गाडी 'गेल्या वर्षीची' होते. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं आणि विकताना त्याचा फटका बसतो. दहा वर्षं वापरायची असेल तर डिसेंबरची सवलत जरूर घ्या. तीन-चार वर्षांत विकणार असाल तर फायदा कमी. जानेवारीनंतर जुन्या वर्षाची गाडी पूर्ण भावात देत असतील तर सरळ नाही म्हणा.

कमी ईएमआय म्हणजे स्वस्त कर्ज नव्हे

पाच लाखांचं कर्ज, व्याज ९ टक्के. पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे १०,३८० आणि एकूण व्याज १ लाख २३ हजारांच्या आसपास. तेच सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ८,०४५ वर येतो, पण व्याज १ लाख ७६ हजारांच्या घरात जातं. हप्ता २,३०० नी कमी झाला आणि गाडी ५३ हजारांनी महाग झाली. डिस्काउंट मिळवण्यासाठी केलेली सगळी मेहनत इथे वाया जाते.

शोरूममधल्या कर्जाआधी आपल्या बँकेचा दर विचारा. 'फ्लॅट' दर सांगत असतील तर सावध व्हा, कारण त्यात फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज लागतं. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा दंडही विचारून घ्या.

पैसे देताना आणि गाडी घेताना

• बुकिंगची रक्कम परत मिळेल का, किती कापून, हे पावतीवर लिहून घ्या.

• पैसे फक्त डीलरशिपच्या खात्यात भरा. सेल्समनच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही.

• नोंदणी होण्याआधी, दिवसाउजेडी गाडी बघा. रंग, काचा, टायर, किलोमीटरचा आकडा, सगळी बटणं तपासा. चासी नंबर बिलाशी जुळवा. उत्पादनाचा महिना फॉर्म २२ वर बघा. एकदा नोंदणी झाली की 'ही नको, दुसरी द्या' म्हणणं फार अवघड होतं.

• ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे घेतले किंवा बुकिंगची रक्कम अडकवली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन्हीकडे सही-शिक्क्याचं कोटेशन आणि पावत्या लागतात, म्हणून एकही कागद टाकू नका.

आणि 'ऑफर फक्त आजच' असं कुणी म्हणालं तर कोटेशनचा फोटो काढा, चहा संपवा आणि घरी या. दोन दिवसांनी बहुधा त्याच सेल्समनचा फोन येतो. तोवर बाकी दोन शोरूमचे तळाचे आकडे तुमच्या हातात असतील.