तेरची तरंगती वीट

मंडळी, पाण्यात वीट टाकली तर ती बुडेल की तरंगेल? वर्गात गुरुजींनी हा प्रश्न विचारला, तर सगळी पोरं एका सुरात म्हणतील, "बुडेल!" पण तेरचा पोरगा असला तर तो हळूच विचारील, "गुरुजी, वीट कुठली?"

धाराशिव तालुक्यातलं तेरणाकाठचं तेर हे गाव आपण गोरोबाकाकांचं म्हणून ओळखतो. त्याच्याही कितीतरी आधी, सुमारे 2000 वर्षांपूर्वी, ही मोठी पेठ होती. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं शहर सांगितलं आहे. तिथून जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई. ते तगर म्हणजेच आपलं तेर, असं फ्लीट या पंडिताने 1901 साली दाखवून दिलं.

याच तेरमधल्या जुन्या बांधकामातल्या काही विटा पाण्यावर तरंगतात. तिथल्या तीर्थकुंडाच्या विटा त्यासाठी प्रसिद्ध आहेत. पाहणारा साहजिकच हात जोडतो आणि म्हणतो, देवाची करणी! पण जरा थांबा. हात जोडायचेच असतील तर कोणाला जोडायचे, ते आधी ठरवू.

हिशेब सोपा आहे. एखादी वस्तू पाण्यात बुडवली की ती आपल्या आकाराएवढं पाणी बाजूला सारते. त्या पाण्यापेक्षा ती हलकी असेल तर तरंगते, जड असेल तर तळ गाठते. आर्किमिडीजने हा नियम सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सांगितला. आजची 19 सेंटिमीटर लांब, 9 रुंद आणि 9 उंच अशी वीट घ्या. तिच्याएवढ्या पाण्याचं वजन दीड किलोच्या थोडं वर भरतं. वीट मात्र अडीच-तीन किलोंची. मग ती बुडणारच!

आता तीच वीट निम्म्या वजनाची करायची कशी? मातीत भाताचं तूस मिसळायचं. भट्टीत तूस जळून जातं आणि त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. आकार तोच, पण आत भाकरीच्या पापुद्र्यासारखी हवा! अशी वीट भिंतीचा आणि शिखराचा भार कमी करते.

ही युक्ती एकट्या तेरची नव्हे. तेलंगणातल्या 1213 सालच्या रामप्पा मंदिराचं शिखर अशाच हलक्या विटांचं आहे. त्या मंदिराला 2021 साली जागतिक वारशाचा मान मिळाला. रोमन ग्रंथकार प्लिनी यानेही स्पेनमधल्या तरंगत्या विटांची नोंद केली आहे. तो 'पेरिप्लस'च्याच शतकातला. तिकडे मातीच मुळी सच्छिद्र होती. इकडे कारागिराने ती सच्छिद्र केली.

शिक्षकबंधूंनो, हा प्रयोग शाळेत करून पाहा. दोन लहान विटा थापा, एक निव्वळ मातीची आणि एक तूस घातलेली. नीट वाळवा, गावच्या कुंभारदादांच्या भट्टीत भाजून आणा, तोला आणि बादलीत सोडा. पहिल्या खेपेला बहुधा दोन्ही बुडतील. हसू नका! तूस कमी पडलं तर वीट जड होते, जास्त झालं तर हातात भुगा येतो. नेमकं प्रमाण आणि नेमकी आच साधणं, हीच खरी विद्या. चार खेपा फसल्यावर मुलांना कळेल की तो जुना कारागीर किती जाणता होता.

गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी पारखली, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. पारखल्याशिवाय पक्कं म्हणायचं नाही, ही त्या कुंभाराची शिकवण. तीच दृष्टी या विटेकडे पाहताना ठेवू या.

आणि एक विनंती. तेरला जाल तेव्हा लामतुरे संग्रहालय जरूर पाहा, पण पांढरीवरची वीट खिशात किंवा पिशवीत घालू नका. जागेवरची वीट इतिहास सांगते. घरी नेलेली वीट नुसतीच तरंगते. हात जोडायचे ते त्या मातीत राबलेल्या हातांना. नमस्कार.