मलयवतीची नोंद

जुन्नरहून घाटघरमार्गे नाणेघाटात गेलो की मी लेण्यातल्या भिंतीपुढे थांबतोच. राणी नागनिकेचा तिथला ब्राह्मी लेख सुमारे दोन हजार वर्षांचा. यज्ञ, दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण, सगळ्यांची त्यात मोजदाद आहे.

सातवाहनांची आणखी एक राणी भेटते ती कामसूत्रात. कुंतलच्या शातकर्णी सातवाहनाने प्रणयाच्या भरात ‘कर्तरी’ नावाचा आघात केला आणि महादेवी मलयवती दगावली, असे वात्स्यायन लिहितो. (नागनिकेचा पतीही शातकर्णीच, पण हे नाव त्या घराण्यात अनेकांचे.) दक्षिणेकडचे असले आघात क्लेशकारक, ते करू नयेत, असे तो बजावतो. आसनांची पोथी म्हणून बदनाम झालेला हा ग्रंथ इथे अपायाची नोंद ठेवतो, वैद्याने ठेवावी तशी. माझ्या मते कामशास्त्र हे शास्त्र ठरते ते इथेच.

मराठीत हे काम र. धों. कर्व्यांनी केले. पेशाने गणिताचे प्राध्यापक. वारंवारच्या बाळंतपणांनी बायका खंगत, मरत. तेव्हा त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक. वाचकांच्या लैंगिक शंकांना छापून उत्तरे दिल्याबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, हा त्यांचा मुद्दा कोर्टाला पटला नाही. कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र १९५३ साली त्यांचे निधन होईपर्यंत निघत राहिले, शंका-समाधानासकट.